रणगाड्याच्या तुकड्यांतून अंतराळयान

१९७७ च्या फेब्रुवारीत खालापूरजवळच्या हाळ या गावी एका अमेरिकी चित्रपटाचे चित्रीकरण झाले. पडद्यावर तो प्रसंग उत्तर भारतात घडतो, पण दिसणारी भूमी महाराष्ट्राची आहे. मोठा जमाव पाच सुरांची एक धून घोळवत बसला आहे. हे सूर आले कुठून, असे विचारताच शेकडो हात एकदम आकाशाकडे उठतात. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मधला हा प्रसंग अनेकांच्या लक्षात असेल. भारतातल्या त्याच मुक्कामात स्पीलबर्ग यांनी रात्रीच्या वेळी एक तेलशुद्धीकरण कारखाना पाहिला. उंच मनोरे, त्यांना वेढणाऱ्या नळ्या, शिड्या, सज्जे आणि त्या सगळ्यावर विखुरलेले असंख्य दिवे. चित्रपटाच्या शेवटी उतरणाऱ्या प्रचंड मातृयानाचे रूप त्या दृश्यातून सुचले. चेंबूर-माहुलचे कारखाने ज्यांनी रात्री पाहिले आहेत, त्यांना ते यान नक्की ओळखीचे वाटेल.

यानाचे चित्र राल्फ मॅक्वारी यांनी काढले आणि मॉडेल ग्रेग जीन यांच्या कारागिरांनी बांधले. पडद्यावर डोंगराएवढे भासणारे ते यान प्रत्यक्षात एका मोठ्या टेबलावर मावेल असे होते. त्याच्या अंगावर बाजारात मिळणाऱ्या मॉडेल-किटचे सुटे भाग दाटीने बसवलेले होते. कारागिरांनी त्या दाटीत हौसेने काही ओळखीच्या वस्तूही दडवल्या: एक फोक्सवॅगन बस, टपालपेटी, लहानसे कबरस्तान आणि त्याच वर्षी आलेल्या ‘स्टार वॉर्स’मधला आर-टू-डी-टू यंत्रमानव. आज ते मॉडेल अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या व्हर्जिनियातील उद्वार-हेझी केंद्रात ठेवलेले आहे आणि काचेजवळ उभे राहून या वस्तू शोधणारे प्रेक्षक तिथे नेहमी दिसतात.

या कामाच्या पद्धतीला किटबॅशिंग म्हणतात. दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिक किटच्या खोक्यात रणगाड्याचे, विमानाचे किंवा जहाजाचे सुटे भाग असतात आणि ते कसे जोडायचे याचा कागद असतो. किटबॅशिंग करणारा तो कागद बाजूला ठेवतो. चार-पाच वेगवेगळ्या किटमधले भाग घेऊन, कापून, उलटसुलट लावून तो अशी वस्तू घडवतो जी कुठल्याच खोक्यावर छापलेली नव्हती. विज्ञानकथेतल्या यानांना ही पद्धत फार मानवते. कारण खऱ्या रणगाड्यात एक खिळा चुकला तर जाणकार लगेच बोट ठेवतो. दोनशे वर्षांनंतरच्या यानाचा मूळ नमुना मात्र कुणीच पाहिलेला नसतो.

पद्धत रुजली ती चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या कार्यशाळांत. १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘थंडरबर्ड्‌स’ या ब्रिटिश बाहुली-मालिकेसाठी डेरेक मेडिंग्ज यांचा गट यंत्रे बनवत असे. दर आठवड्याला नवे यान, नवा पूल, नवा तळ हवा असायचा. पैसा आणि वेळ दोन्ही मोजके. म्हणून किटचे तुकडे, पाइपचे तुकडे, स्वयंपाकघरातल्या वस्तू, सगळे कामाला लागले. थंडरबर्ड-१ च्या उड्डाणतळाच्या भिंतीवर लिंबू पिळायचे प्लास्टिकचे यंत्र बसवलेले होते आणि ते तिथे अगदी शोभून दिसते. पुढे स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी (१९६८) ‘डिस्कव्हरी’ यानाचे मुख्य मॉडेल सुमारे ५४ फूट लांब बांधले गेले आणि त्याच्या पृष्ठभागावरचे बारकावे किटच्या भागांतून उभे राहिले. त्याच चित्रपटाच्या तंत्रविभागात काम केलेले डग्लस ट्रम्बल यांनी १९७२ मध्ये ‘सायलेंट रनिंग’ दिग्दर्शित केला. त्यातले ‘व्हॅली फोर्ज’ हे सुमारे ८ मीटरचे यान शेकडो जर्मन रणगाड्यांच्या किटमधून सजले होते.

रणगाडाच का? त्याचे उत्तर किटच्या बनावटीत आहे. १/३५ प्रमाणातल्या रणगाड्याच्या एका खोक्यात शेकडो भाग असतात: झाकणे, बिजागऱ्या, जाळ्या, बोल्ट, दोरखंडाचे आकडे, धुराडी. हे सगळे भाग खऱ्या यंत्रावरून मोजून घेतलेले असतात. एखाद्या अभियंत्याने कधीतरी काही कारणाने आखलेला आकार त्यात साठलेला असतो. मॉडेल करणारा तो आकार उसना घेतो, तेव्हा त्याबरोबर ते ‘काही कारण’ही आपसूक येते. बघणाऱ्याला ते कारण माहीत नसते, पण इथे काहीतरी काम चालते, हे त्याला जाणवते. पुठ्ठ्याचे चौकोन मनाला येतील तसे चिकटवून हा परिणाम साधत नाही.

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियात व्हॅन नाइस इथल्या एका गोदामात ‘स्टार वॉर्स’ची कार्यशाळा सुरू झाली आणि तिथे या कलेला तिचा पूर्ण पल्ला मिळाला. ‘मिलेनियम फाल्कन’ या यानाची आधी ठरलेली रचना लांबोळी होती. पण ‘स्पेस: १९९९’ या मालिकेतल्या ‘ईगल’ यानाशी तिचे साम्य फार दिसू लागले, तेव्हा फाल्कनसाठी तबकडीसारखी नवी रचना केली गेली. आधीचे मॉडेल टाकून दिले नाही. त्याचा चालककक्ष काढला, पुढे हातोड्यासारखे रुंद डोके बसवले आणि चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात पळणारे बंडखोरांचे जहाज तयार झाले. त्या जहाजाचा पाठलाग करणारे साम्राज्याचे युद्धयान पडद्यावर संपता संपत नाही, इतके लांबलचक वाटते. प्रत्यक्षात पळणाऱ्या जहाजाचे मॉडेल सहा फुटांच्या वर होते आणि पाठलाग करणाऱ्या महाकाय यानाचे जेमतेम तीन फूट.

या एका उदाहरणात किटबॅशिंगचे सगळे शास्त्र आहे. वस्तू किती मोठी हे डोळा तिच्या लांबीवरून ठरवत नाही. तो तिच्या अंगावरच्या सर्वांत बारीक ओळखीच्या खुणेवरून ठरवतो. दार, खिडकी, शिडीची पायरी, कठडा, बोल्टची रांग: यांचा माणसाशी संबंध असतो. खूण जितकी बारीक, तितके भोवतीचे अंग मोठे. मोठ्या युद्धयानाच्या कडांवर नखाच्या टोकावर राहील एवढी नक्षी होती. ते अजस्र दिसणारच. कॅमेऱ्याची मदतही होतीच. भिंगाचे छिद्र अगदी लहान ठेवून जवळचे-दूरचे सारे स्पष्ट टिपले, म्हणजे वस्तू लहान असल्याचा संशय येत नाही.

घरी मॉडेल करणाऱ्याने हा हिशेब कागदावर मांडूनच कटर हातात घ्यावा. १.७ मीटर उंचीचा माणूस १/३५ प्रमाणात सुमारे ४९ मिलिमीटरचा होतो, १/७२ मध्ये २४ चा आणि १/३५० मध्ये जेमतेम ५ चा. म्हणजे रणगाड्याच्या किटमधले अर्ध्या मीटरचे, १४ मिलिमीटरचे झाकण १/३५० च्या यानावर लावले, की तेच पाच मीटर रुंदीचे मालवाहू दार होते. तुकडा तोच, त्याचे वय, काम आणि आकार बदलतो. मात्र एकाच यानावर एक दार ५ मिलिमीटरचे आणि शेजारी शिडीच्या दोन पायऱ्यांत ५ मिलिमीटरचे अंतर असे झाले, तर सगळा डोलारा कोसळतो. नवख्यांची मॉडेले बहुतेक इथेच फसतात; रंग किंवा चिकटकाम त्यामानाने लवकर सुधारते.

आता हे सारे तुमसर तालुक्यात आणून पाहावे. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या टेकड्यांत आंबागड आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याच्या काळात, सन १७०० च्या सुमारास, त्याचा अधिकारी राजाखान पठाण याने हा किल्ला बांधला, असे इतिहास सांगतो. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा कैदखाना केला. आज तिथे तट, बुरूज आणि झाडोरा आहे. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची उघडी खाण आणि चिखल्याची भूमिगत खाण आहे. दोन्ही ‘मॉइल’ या सरकारी कंपनीच्या. सखल भागात धानाची शेती आणि तुमसरच्या राइस मिल. विज्ञानकथेचे मॉडेल करू पाहणाऱ्याला याहून समृद्ध परिसर शोधावा लागू नये. स्पीलबर्ग यांना जे तेलशुद्धीकरण कारखान्यात सापडले, ते इथे बसच्या खिडकीतून दिसते.

राइस मिलचेच बघा. धान वर चढवणारे उंच एलिव्हेटर, तिथून वेगवेगळ्या यंत्रांकडे तिरक्या उतरणाऱ्या नळ्या, कोंडा वेगळा करणारे शंकूच्या आकाराचे सायक्लोन. ही सगळी रचना मोहक दिसते, म्हणून यानावर जशीच्या तशी चढवण्याचा मोह होतो. पण नळ्या तिरक्या का आहेत? धान वजनाने खाली घसरावे म्हणून. अंतराळात तरंगणाऱ्या यानात काहीच खाली घसरत नाही. तिथे ही तिरकी नळी निरर्थक ठरते. तेच मॉडेल मंगळावरच्या कारखान्याचे असेल तर नळी शोभते, कारण मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे. धान्य, माती, खनिज तिथेही उतारावरून उतरेल. आकार उचलताना त्याच्यामागचे कारण विचारण्याची ही सवय लागली, की किटबॅशिंग नुसती सजावट राहत नाही. शाळेत न शिकवलेले बरेच यंत्रशास्त्र त्यातून हाती लागते.

म्हणून समजा, आंबागडाच्या परिसरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने मंगळावरच्या मॅंगनीज खाणीचे मॉडेल करायला घेतले. कल्पना हवेतली नाही. ‘क्युरिऑसिटी’ या नासाच्या बग्गीला मंगळावरच्या गेल विवरात मॅंगनीज ऑक्साइड आढळल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले आहे. खाणीला संरक्षण हवे, धुळीच्या वादळांपासून आडोसा हवा. तिथे किल्ल्याची रचना कामी येते. तट टेकडीच्या चढउताराबरोबर वळतो आणि वळणावर बुरूज येतो, ही बांधणी मंगळावरही तितकीच समंजस आहे. प्रमाण १/१४४ धरले तर ७ मीटर उंचीचा बुरूज सुमारे ४९ मिलिमीटरचा होईल. औषधाच्या गोळ्यांची डबी त्याला पुरते. त्यावर दाराची चौकट, हवेच्या नळ्या आणि अँटेना बसवायची. भूमिगत खाणीच्या तोंडाशी असतो तसा चाकाचा मनोरा मध्यभागी, आणि उघड्या खाणीत दिसतात तशा मातीच्या रुंद पायऱ्या भोवती. उतरणाऱ्या यानासाठी २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या ‘विक्रम’ची छायाचित्रे समोर ठेवावीत: चार पाय, खालच्या बाजूला इंजिने, कडेला सौरफलक, अंगावर सोनेरी आवरण. ते आवरण उष्णतेपासून बचावासाठी असते. चॉकलेटचा सोनेरी कागद हलका चुरगळून चिकटवला की ते हुबेहूब साधते.

खऱ्या परदेशी किटची किंमत बऱ्याच घरांना परवडणारी नाही, आणि तुमसर-भंडाऱ्यात ती सहज मिळतही नाहीत. त्याने काही अडू नये. ‘स्टार ट्रेक’च्या १९९० मधल्या एका गाजलेल्या भागासाठी युद्धात जळालेल्या यानांचा ताफा हवा होता. कारागिरांनी दुकानातली ‘एंटरप्राइज’ यानाची किट तोडली, आणि एका यानावर चक्क हायलायटर पेनांचे देह चिकटवले. ते यान आजही त्या मालिकेच्या चाहत्यांच्या यादीत मानाने नोंदलेले आहे. जपानमध्ये कौ योकोयामा यांनी १९८२ मध्ये ‘हॉबी जपान’ मासिकातून मांडलेली ‘माशिनेन क्रीगर’ची चिलखती यंत्रे रणगाडे, विमाने, मोटारी अशा वेगवेगळ्या किटच्या भागांतून जन्मली. पुढे त्यांचीच स्वतंत्र किट बाजारात आली. तुकड्यांतून घडलेली वस्तू स्वतःच मूळ नमुना झाली.

महाराष्ट्रातही या वृत्तीची परंपरा आहे. पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडवली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले, ते तर त्याच्याही बरेच आधी. पुण्याच्याच कर्वे रस्त्यावरचे भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय एका माणसाच्या आयुष्यभराच्या मॉडेल-छंदातून उभे राहिले. विदर्भातला तान्हा पोळा तर घराघरातला. लाकडी नंदी बाजारात एकसारखे मिळतात, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत आलेले दोन नंदी सारखे नसतात. चाके, झूल, आरसे, दिवे, कागदी फुले, प्रत्येक पोराने आपले काही जोडलेले असते. तयार वस्तू आपली करून घेणारे हात भंडारा जिल्ह्यात आधीपासून आहेत.

साहित्य भंगारवाल्याकडे मिळते. बिघडलेल्या प्रिंटरमधले दातेरी चक्र, जुन्या कीबोर्डचा आतला भाग, रेडिओचे सर्किट, बटणांचे खटके, इंजेक्शनची रिकामी नळी (सुई कधीच नको), टूथपेस्टची झाकणे, रिफिलची स्प्रिंग. पण इथे एक तांत्रिक अडचण येते आणि ती आधीच कळलेली बरी. किटचे प्लास्टिक पॉलिस्टायरिन असते. त्याचा खास द्रव चिकटवताना प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतो आणि दोन तुकडे अक्षरशः एक होतात. पेनची टोपणे, झाकणे, डब्या बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनच्या असतात. त्यांना हा द्रव लागत नाही आणि फेव्हिक्विकही काही दिवसांत सोडून देते. तेव्हा पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडावा, बारीक भोक पाडून तारेची खुंटी घालावी आणि सांधा एम-सीलने भरावा. मोठे सपाट भाग सनबोर्डचे केले तर काम हलके आणि स्वस्त होते. फुलदाणी, डबी, पाइप जोडून मुख्य देह आधी उभा करावा. बारीक तुकड्यांना हात सर्वांत शेवटी.

या शेवटच्या टप्प्यावर संयम लागतो. तुकडे हाती भरपूर असतात आणि रिकामी जागा डोळ्यांना टोचते. तरी सगळे अंग भरू नये. चांगल्या मॉडेलवर दाटी काही ठिकाणी असते: इंजिनाभोवती, सांध्यांत, दोन पत्र्यांमधल्या खाचेत. बाकी पत्रा मोकळा असतो, आणि त्या मोकळेपणामुळेच दाटी उठून दिसते. नळी लावली तर ती कुठून तरी निघून कुठे तरी पोचावी. रणगाड्याचे चाक तसेच्या तसे लावले तर कुणीही ओळखेल. अर्धे कापून खाचेत बसवले तर ते पंपाचे झाकण होईल. पुढे राखाडी प्रायमरचा एक हात मारला, की आतापर्यंत निळे, पांढरे, काळे दिसणारे तुकडे एका वस्तूचे अवयव होतात. मॉडेल करणाऱ्यांना हा क्षण फार प्रिय असतो. कोणता तुकडा कुठून आला हे तेव्हा त्यांनाही चटकन सांगता येत नाही. कटरची धार नेहमी बोटांपासून दूर चालवावी. स्प्रे आणि द्रवाचे काम अंगणात किंवा उघड्या खिडकीशी करावे, लहान मुलांबरोबर कुणी मोठे असावे.

दिवे बसवायचे असतील तर प्रायमरच्या आधी. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि नाण्याच्या आकाराचा एक लिथियम सेल त्याला पुरतो. देहाच्या आतून आधी काळा रंग द्यावा, नाहीतर प्लास्टिकच्या अंगातून उजेड झिरपतो आणि सारे यान कंदिलासारखे दिसू लागते. या सेलचे आणि या तालुक्याचे नाते जुने आहे. टॉर्चच्या साध्या सेलपासून अल्कलाइन आणि नाण्याच्या आकाराच्या लिथियम सेलपर्यंत अनेकांच्या धन बाजूला मॅंगनीज डायॉक्साइड असते, आणि डोंगरी बुजुर्गचे खनिज बॅटरी उद्योगाला पुरवले जाते. मंगळावरच्या काल्पनिक मॅंगनीज खाणीच्या खिडक्या मॅंगनीजच्या जोरावर उजळतील.

उरला रंग. मंगळाची माती लोहाच्या ऑक्साइडने तांबूस आहे, मॅंगनीजचे खनिज काळपट. तेव्हा जमिनीला विटकरी-भगवा, खाणीच्या पायऱ्यांना आणि ढिगाऱ्याला काळा, आणि वाहतुकीच्या वाटेवर दोन्हींचे मिश्रण. पातळ केलेला गडद तपकिरी तैलरंग पत्र्यांच्या खाचांत सोडावा आणि वरचा कापडाने पुसून घ्यावा, कडा उठतात. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग उंचवट्यांवरून ओढावा. धूळ सगळीकडे सारखी उडवू नये. वारा एका दिशेने वाहतो, म्हणून बुरुजांच्या आणि मनोऱ्याच्या एकाच बाजूला ती जास्त साचलेली दाखवावी, आणि जिथे माणसे दार उघडत-मिटत असतील तिथे पुसलेली.